पियानो आणि सिंथ एकमेकांत का मिसळत नाहीत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. पियानोच्या सात-आठ रचना तयार आहेत. घरी जुना अपराइट (उभा पियानो) आहे, त्याचा सूर थोडा उतरलेला आहे. लॅपटॉपवर सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर), पॅड (मागे लांब चालणारे मऊ स्वर), बीट्स, इलेक्ट्रॉनिक तानपुरा असं सगळं आहे आणि यातून पहिला अल्बम काढायचाय. पियानो एकटा ऐकला की बरा वाटतो, इलेक्ट्रॉनिक थर एकटे ऐकले की तेही बरे वाटतात, पण एकत्र लावले की दोन वेगळे ट्रॅक चुकून एकावर एक पडल्यासारखं होतं. म्हणून तुम्ही विचारताय, की महागडी सॅम्पल लायब्ररी (चांगल्या पियानोच्या मुद्रित स्वरांचा तयार संच) घ्यावी की स्टुडिओ भाड्याने घेऊन ग्रँड पियानोवर रेकॉर्डिंग करावं.

माझं मत सरळ सांगतो: सध्या दोन्हींवर पैसे घालू नका. मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करतो. पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे काम हाताखालून गेलं, त्यात हीच तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकली आणि तिचं मूळ वाद्याच्या किमतीत क्वचितच होतं. मूळ असतं कामाच्या वाटणीत. पियानोला जे जमतं तेच काम सिंथलाही दिलेलं असतं, आणि पियानोला जे कधीच जमणार नाही ते कोणीच करत नसतं.

पियानोला काय जमत नाही? एकदा पट्टी दाबली की तो स्वर तुमच्या हातातून गेला. हातोडी तारेवर आदळून परत आली, आता तो स्वर फक्त विरत जाणार. गायकाला आवाज लावून मग तो वाढवता येतो, व्हायोलिनला येतो, बासरीला येतो. पियानोला येत नाही. शिवाय हे विरणंही एकसारखं नसतं. मधल्या सप्तकांत एका स्वराला तीन-तीन तारा असतात. सुरुवातीला त्या एकत्र हलतात आणि आवाज झपाट्याने खाली येतो. मग त्यांची हालचाल एकमेकींपासून किंचित फटकते आणि मागे एक बारीक, लांबणारी शेपटी उरते. स्वराचा हा दुसरा भाग आपण सहसा लक्ष देऊन ऐकत नाही. पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा सांधा मात्र नेमका तिथेच जुळतो.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९७० सालचं आहे. अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले संगीतकार मारिओ दाविदोव्स्की यांनी पियानो आणि ध्वनिफीत यांच्यासाठी ‘सिंक्रोनिझम्स क्र. ६’ ही रचना केली. तिला १९७१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. सुरुवातीला पियानो एकच स्वर वाजवतो. तो विरू लागतो, तेवढ्यात फितीवरचा इलेक्ट्रॉनिक ध्वनी तोच स्वर उचलतो आणि वाढवत नेतो. ऐकणाऱ्याला क्षणभर असं वाटतं की पियानोनेच वाजवल्यानंतर स्वर मोठा केला. अख्ख्या रचनेचा करार या पहिल्या काही सेकंदांत होऊन जातो. फीत सोबतीला आलेली नाही, पियानोचा अपुरा राहिलेला स्वर पुरा करायला आली आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. ख्यालाच्या मागे बसलेला जाणता संवादिनीवादक गायकाच्या बरोबरीने प्रत्येक स्वर दाबत बसत नाही. गायकाने सोडलेली जागा तो धरतो, गायक परत आला की मागे सरतो. तुमच्या पॅडने हेच करायला हवं. वर्णनावरून वाटतं की तुमचा पॅड पियानोच्या डाव्या हाताचेच कॉर्ड पियानोबरोबर, त्याच क्षणी सुरू करतो. मग कान बिचारा दोन सुरुवाती मोजतो आणि दोघांना वेगळं काढतो.

तर पहिला उपाय असा. पॅडचा अटॅक, म्हणजे आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ, लांबवा आणि त्याची सुरुवात पियानोच्या ठोक्यानंतर ठेवा. किती नंतर, ते लयीवर आणि सप्तकावर अवलंबून आहे. वरच्या सप्तकांतले स्वर लवकर विरतात म्हणून तिथे लवकर, खर्जात बराच उशिरा. आकडा शोधू नका. डोळे मिटून ऐका, आणि पियानो ज्या क्षणी ‘गेला’ असं वाटतं त्याच्या जरा आधी पॅड तिथे पोचलेला असू द्या.

दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा, आणि तुमच्याकडे अपराइट आहे म्हणून तो तुम्हाला फुकटात करता येईल. इलेक्ट्रॉनिक थराचा कच्चा माल तुमच्याच पियानोतून काढा. इटलीच्या लुइजी नोनो यांनी १९७६ मध्ये पियानोवादक माउरित्सिओ पोल्लिनी यांच्यासाठी पियानो आणि ध्वनिफितीची एक रचना केली. तिच्यातल्या फितीवरचा आवाजही पोल्लिनींच्याच पियानोचा आहे, मुद्रित करून स्टुडिओत बदललेला. त्यामुळे मंचावरचा पियानो आणि फितीतला पियानो एकाच रक्ताचे वाटतात. तुम्ही घरी हे असं करा: प्रत्येक रचनेतले महत्त्वाचे पाच-सहा स्वर सुटे वाजवा, पेडल दाबून पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि रेकॉर्ड करा. मग सुरुवातीचा ठोका कापून टाका. ठोका गेला की पियानो ओळखू येत नाही, तो ऑर्गन आणि बासरीच्या मधलं काहीतरी होतो. उरलेली शेपटी ताणा, उलटी फिरवा, ग्रॅन्युलर प्लगइनमध्ये टाकून तिचे कण करा, एक सप्तक खाली आणा. हे झाले तुमचे पॅड. यातले पुष्कळ टाकाऊ निघतील, पण जे उरतील ते पियानोशी भांडणार नाहीत, कारण त्यांची लाकूडकाठी तीच आहे.

ज्या थरांसाठी खरोखर सिंथच हवा, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. मी ती जवळजवळ प्रत्येक कामात वापरतो. अपराइट भिंतीपासून दोनेक फूट पुढे ओढा. मागच्या बाजूला, साउंडबोर्डाच्या (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या) अगदी जवळ, एक लहान स्पीकर ठेवा. उजवं पेडल दाबून वजनाने किंवा पाचरीने तसंच अडकवा, म्हणजे स्वर थांबवणारे सगळे डॅम्पर तारांवरून उठतील. आता लॅपटॉपवरचा सिंथचा ट्रॅक त्या स्पीकरमधून वाजवा. पियानोच्या तारा त्या आवाजाने आपोआप गुणगुणू लागतात, जो स्वर सिंथमध्ये आहे त्याच तारा जास्त. समोरच्या बाजूला माइक लावून ही गुणगुण रेकॉर्ड करा आणि मिक्समध्ये मूळ सिंथखाली थोडी मिसळा. कुठल्याही महागड्या रिव्हर्बने (खोलीचा घुमारा देणाऱ्या इफेक्टने) जे साधत नाही ते यातून साधतं, कारण सिंथ अक्षरशः तुमच्या पियानोच्या पोटातून येतो. स्पीकरचा आवाज फार वाढवू नका, नाहीतर सैल पॅनेल, पियानोवरची फोटोफ्रेम, कपाटाची काच, सगळं वाजायला लागेल.

आता सुराबद्दल. ‘थोडा उतरलेला’ म्हणजे किती, यावर पुष्कळ काही ठरतं.

पियानो सगळीकडे सारखा उतरलेला असेल, म्हणजे ४४० हर्ट्झचा स्वर ४३५ च्या आसपास असेल आणि बाकीचे स्वर त्याच प्रमाणात खाली असतील, तर घाबरू नका. सिंथ पियानोच्या सुराला आणून ठेवा. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये फाइन ट्यूनिंगचं बटण असतं. जुन्या पियानोला एकदम ४४० वर चढवायला अनुभवी ट्यूनर का कां-कूं करतो, ते समजून घ्या. आत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो एका बैठकीत वाढवला की जुन्या तारा तुटण्याची भीती असते आणि चढवलेला सूर टिकतही नाही. पण एकाच स्वराच्या तीन तारा आपसांत विस्कटल्या असतील, हॉर्मोनियमच्या फुटक्या सुरासारखं काही ऐकू येत असेल, तर ट्यूनर बोलवावाच लागेल. ते मिक्समध्ये दुरुस्त होत नाही.

ट्यूनर कधी बोलवायचा, हाही प्रश्न आहे. पावसाळ्यात साउंडबोर्ड दमट हवा पिऊन फुगतो आणि सूर चढतो, सगळ्यात जास्त मधल्या पट्ट्यांत. हवा कोरडी झाली की उतरतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राची दमट हवा वर्षभर, पुण्या-नागपुराकडे पावसाळा आणि उन्हाळा यांत मोठा फरक. म्हणून अर्ध्या रचना ऑगस्टमध्ये आणि अर्ध्या जानेवारीत असं करू नका. पाऊस ओसरून हवा स्थिरावली की ट्यूनिंग करून घ्या, दोन-चार दिवस वाजवून सूर बसू द्या आणि मग सगळ्या रचना एका सलग काळात उरका. वातावरण नियंत्रित खोली असेल तर ही अट सैल होते.

सुराची आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणांना ठाऊक नसते. पियानोची तार पोलादाची, ताठ असते. या ताठपणामुळे तिचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे बारीक स्वर, गणिताने जिथे पडायला हवेत त्यापेक्षा किंचित वर पडतात. अपराइटमध्ये तारा आखूड, म्हणून तिथे हे जास्त. ट्यूनर कानाने ते सांभाळतो आणि वरची सप्तकं थोडी ताणून लावतो. सिंथचं सप्तक मात्र काटेकोर दुप्पट असतं. त्यामुळे वरच्या सप्तकात पियानो आणि सिंथ एकत्र वाजवलेत की सिंथ उतरल्यासारखा वाटतो, ट्यूनर अ‍ॅप दोघांनाही बरोबर म्हणत असलं तरी. उपाय दोन. एक तर वरच्या सप्तकात दोघांना एकच स्वर देऊ नका, किंवा तो थर कानाने चार-पाच सेंट (अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर घ्या.

तानपुऱ्याचं गणित याहून स्पष्ट आहे. पियानो समान अंतराच्या सप्तकात लावलेला असतो, त्याचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तानपुऱ्याच्या षड्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ सेंटवर. फरक १४ सेंट. हा फरक ऐकू येतो का? षड्ज १३०.८ हर्ट्झचा धरा. त्याचा पाचवा उपस्वर ६५४ हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि पियानोचा तिथला गंधार ६५९ च्या थोडा वर. म्हणजे सेकंदाला सुमारे पाच हेलकावे. जलद जाणाऱ्या वाक्यात ते कोणाच्या लक्षात येणार नाहीत, पण पियानो गंधारावर थांबला की अस्वस्थ वाटतं. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा, तो चालून जातो. म्हणून ज्या रचना षड्ज, पंचम, मध्यमावर विसावतात, त्यांच्याखालीच तानपुरा ठेवा. जिची वस्ती शुद्ध गंधारावर आहे तिच्याखालचा तानपुरा काढा आणि षड्ज-पंचमाचा साधा ड्रोन पियानोच्याच शेपट्यांतून बनवा. नुसतं ‘भारतीय वाटावं’ म्हणून लावलेला तानपुरा मला तसाही पटत नाही, पण तो माझ्या आवडीचा भाग झाला.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. वरचं झाकण उघडा, पुढचं वरचं पॅनेल काढा, दोन कंडेन्सर माइक हातोड्यांच्या वर आणि जरा पुढे, एक खर्जाकडे आणि एक तार सप्तकाकडे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे. सर्वांत जोरदार जागी मीटर उणे १० ते १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि स्टुलाची कुरकुर आधी तपासा. मधलं पेडल हातोड्या आणि तारांच्या मध्ये बनातीची पट्टी आणणारं आहे का ते बघा. बऱ्याच अपराइटमध्ये ते रियाजासाठी दिलेलं असतं. जर्मनीच्या निल्स फ्राम यांनी २०११ च्या ‘फेल्ट’ अल्बमसाठी तारांवर बनात घातली, आणि सुरुवातीचं कारण साधं होतं: रात्री शेजाऱ्यांना त्रास नको. त्या मऊ आवाजात ठोका बोथट होतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स मिसळायला सोपं जातं. मात्र आवाज इतका हळू असतो की माइकचं गेन वाढवावं लागतं आणि मग बोटांचा, पट्ट्यांचा, पेडलचा, तुमच्या श्वासाचाही आवाज येतो. तो ठेवायचा की नाही हे तुम्ही आधीच ठरवा. ठेवायचा असेल तर सगळ्या अल्बमभर ठेवा. जपानचे र्‍युइची साकामोतो यांच्या जानेवारी २०२३ मधल्या ‘१२’ या अल्बममध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो आणि तो त्या संगीताचाच भाग आहे. तो पुसून काढला असता तर तो अल्बम वेगळाच झाला असता.

साकामोतोंवरूनच लयीकडे येतो. जर्मन कलाकार आल्व्हा नोटो यांच्याबरोबर २००२ मध्ये त्यांनी ‘व्ह्रिऑन’ केला. त्यात पियानो मोकळा, रेंगाळणारा आहे आणि इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बारीक टिकटिक आणि शुद्ध, साधे सूर. मधला सगळा पट्टा पियानोला रिकामा सोडलेला. कोणी कोणाच्या जागेत घुसत नाही. तुमच्या बीट्सची अडचण मला उलट बाजूने दिसते. तुम्ही आधी बीट लावून क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) पियानो वाजवला असणार. पियानोवादनाचा जीव वाक्याच्या शेवटी थोडं थांबण्यात आणि पुढच्या वाक्याला थोडं धावण्यात असतो. क्लिकवर तो जातो. आधी पियानो मोकळा वाजवा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो पियानोच्या मागे बांधत न्या, प्रत्येक मात्रेवर खूण करत. काम कंटाळवाणं आहे, एका रचनेला एक अख्खी दुपार सहज जाते, पण मग बीट तुमच्याबरोबर श्वास घेते. ज्या रचनेचा गाभाच यांत्रिक पुनरावृत्ती आहे तिला हा नियम नाही. तिथे क्लिक हवाच.

एक वाट अशीही आहे की इलेक्ट्रॉनिक्सने आवाजच करायचा नाही, फक्त डोकं चालवायचं. आइसलंडचे ओलाफुर आर्नाल्ड्स यांच्या २०१८ च्या अल्बममध्ये ते एक पियानो वाजवतात आणि त्यांनी वाजवलेल्या स्वरांवरून सॉफ्टवेअर दोन स्वयंचलित पियानोंना वाजवायला लावतं. तुमच्याकडे ते पियानो नाहीत, पण तत्त्व हाती येण्यासारखं आहे: तुमच्या पट्ट्यांची मिडी माहिती (कुठली पट्टी कधी आणि किती जोरात दाबली याची नोंद) मिळत असेल तर तिच्यावरून एखादा थर आपोआप जन्मू द्या. साध्या डिजिटल पियानोवर हे आज रात्रीही करून बघता येईल.

मग सॅम्पल लायब्ररी कधीच नको का? तसं नाही. पियानो अगदीच मोडकळीला आला असेल, घर रस्त्यावर असेल आणि शांत रात्र मिळतच नसेल, तर लायब्ररी वापरा; ऐकणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. फक्त तिच्यासोबत येणारा तयार रिव्हर्ब बंद करा आणि पियानो व सिंथ दोन्ही एकाच रिव्हर्बकडे पाठवा, म्हणजे निदान खोली एक होईल. स्टुडिओतला ग्रँड मात्र मी या अल्बमसाठी शेवटी सुचवेन. तीन-चार तासांच्या भाड्यात माणूस घड्याळाकडे बघत वाजवतो आणि वर सांगितलेल्या सुट्या शेपट्या, स्पीकरचे प्रयोग हे सगळं तिथे होत नाही.

मिक्सिंगमध्ये एवढंच बघा: २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पियानोचा डावा हात आणि पॅड यांची गर्दी होते. कापायचं असेल तर पॅडमधून कापा, पियानोला हात लावू नका. खर्ज दोघांपैकी एकालाच द्या. मास्टरिंगला आवाज ठासून भरू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आणून ठेवतं, अ‍ॅपल उणे १६ ला. त्यामुळे ठासलेला अल्बम तिथे मोठा वाजत नाही, फक्त चपटा वाजतो, आणि पियानोच्या ज्या शेपट्यांसाठी एवढा खटाटोप केला त्यांच्यातली खरखर वर येते.

सुरुवात कुठून करायची, तर सगळ्या रचना एकदम हातात घेऊ नका. सर्वांत संथ रचना निवडा, तिच्यातले सगळे पॅड आणि बीट्स म्यूट करा आणि नुसता पियानो ऐकत कागदावर लिहा, कुठे कुठे स्वर तुम्हाला हवा होता त्याच्या आधीच संपला. फक्त त्या जागी इलेक्ट्रॉनिक्स परत आणा. बाकीचं परत आणावंसं वाटलं तर जरूर आणा, पण माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त ट्रॅक म्यूटच राहतील. ती एक रचना जमली की तिचा नुसता पियानो आणि पूर्ण मिक्स अशा दोन फायली पाठवा, कुठे काय अडतंय ते ऐकून सांगतो.